चित्रफितींचा बाजार आणि आपला आवाज

इंटरनेटवरील चित्रफितींचा व्यवसाय कशाने यशस्वी होतो, हा प्रश्न वरवर पाहता व्यापाऱ्याचा आहे. कार्यकर्त्याने, विद्यार्थ्याने वा शिक्षकाने त्यात डोके का घालावे, असे कोणी विचारील. परंतु ज्या समाजाचे साहित्य शतकानुशतके कागदावर नव्हे तर गळ्यावर जगले, जलशांतून, गायन पार्ट्यांतून आणि भीमगीतांतून वाहत आले, त्या समाजाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ नफ्यातोट्याचा राहत नाही. आज आपले गाणे, आपले भाषण, आपल्या वस्तीवरचा अन्याय आणि आपला उत्सव हे सारे ज्या पडद्यावरून लोकांपर्यंत जाते, तो पडदा कोणाच्या मालकीचा आहे, तो कोणत्या नियमाने चालतो आणि त्यातून निर्माण होणारा पैसा कोणाच्या घरी जातो, हे समजून घेतल्याशिवाय सांस्कृतिक चळवळीविषयी यापुढे काही अर्थपूर्ण बोलता येईल असे मला वाटत नाही.

मी फर्दापूरचा. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, सोयगाव तालुक्यात, मराठवाडा आणि खानदेश यांच्या शिवेवर वसलेले हे गाव. लेणी पाहायला येणारा प्रवासी आपली गाडी टी पॉइंटवर सोडतो, तेथून बसने चार किलोमीटर आत जातो आणि डोळ्यांआधी मोबाईल वर करतो. हे झाले बाहेरून येणाऱ्यांचे. गावातली पोरे मोबाईलवर काय पाहतात, याकडे मी गेली काही वर्षे लक्ष ठेवून आहे. अहिराणी गाणी, मालेगावची विनोदी चित्रे आणि एप्रिल जवळ आला की भीमगीते, हे तीन प्रकार हटकून दिसतात. ह्या तिन्हींच्या मागे मुंबईचा एखादा मोठा स्टुडिओ नाही. तरीही ती पाहिली जातात, पुन्हा पुन्हा पाहिली जातात. असे का व्हावे?

आधी एक गैरसमज दूर करावयास हवा. ज्याच्याकडे भांडवल त्याचे यश, ही आपली साधी समजूत. चित्रफितींच्या बाजाराने ती अर्धीमुर्धी खोटी ठरवली आहे. क्विबी नावाची एक सेवा अमेरिकेत ६ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. हॉलिवूडमधले मातब्बर जेफ्री कॅट्झनबर्ग आणि उद्योगजगतातल्या मेग व्हिटमन हे तिचे कर्तेधर्ते. सुमारे १७५ कोटी डॉलरांचे भांडवल तिच्यामागे उभे राहिले. नामांकित नट, नामांकित दिग्दर्शक, दहा मिनिटांच्या आत संपणाऱ्या चित्रफिती, असा सारा थाट होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ही सेवा बंद पडली. कारणे अनेक सांगितली जातात. त्यांतले एक आपल्या कामाचे आहे. ही सेवा आरंभी केवळ मोबाईलवर पाहता येत होती आणि आवडलेला तुकडा दुसऱ्याला पाठविण्याची सोय तिच्यात नव्हती. म्हणजे प्रेक्षकाने पैसे द्यावेत, पाहावे आणि गप्प बसावे, अशी अपेक्षा होती. लोक गप्प बसून पाहणारे नसतात. ज्या वस्तूविषयी चार माणसांशी बोलता येत नाही, ती वस्तू चार माणसांपर्यंत पोहोचत नाही.

याउलट उदाहरण यूट्यूबचे. २००५ च्या फेब्रुवारीत चॅड हर्ली, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम ह्या तिघा तरुणांनी ते उभारले. २३ एप्रिल २००५ रोजी त्यावर चढलेली पहिली चित्रफीत अवघ्या १९ सेकंदांची. तीत करीम प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून चार वाक्ये बोलतो, एवढेच. त्याच वर्षी गूगलसारख्या बलाढ्य कंपनीनेही स्वतःची चित्रफितींची सेवा सुरू केली होती. पैसा, यंत्रे, माणसे, सारे गूगलकडे अधिक. परंतु तेथे पाठविलेली चित्रफीत आधी तपासली जाई, आणि पाहण्यासाठी निराळी साधने संगणकावर घालावी लागत. यूट्यूबवर कोणीही चित्रफीत चढवावी, ती लगेच दिसावी, तिथल्या तिथे चालावी आणि दुसऱ्याच्या पानावरही चिकटवता यावी, अशी व्यवस्था होती. शेवटी ऑक्टोबर २००६ मध्ये गूगलने १६५ कोटी डॉलर मोजून यूट्यूबच विकत घेतले. दार उघडे ठेवणाऱ्याने दारावर पहारेकरी बसविणाऱ्याला मागे टाकले, हा ह्या धंद्याचा पहिला धडा.

हा धडा आपल्याला नवा वाटू नये. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. त्याची जाहिरात, पैसे देऊ केले असतानाही, 'केसरी'ने छापली नाही. त्या काळी छापखान्याच्या दारावर पहारेकरी होता आणि तो कोण आहे, त्याची जात कोणती, हे सर्वांना दिसत होते. आजच्या दारावर पहारेकरी दिसत नाही. म्हणून तो नाहीच, असे मात्र समजण्याचे कारण नाही. तो कोठे बसलेला आहे हे पुढे पाहू.

दुसरा धडा जाळ्याचा. ऑनलाइन सेवेचे मोल तिच्यातल्या माणसांच्या संख्येबरोबर वाढत जाते. गावात एकाच घरी टेलिफोन असेल तर तो शोभेची वस्तू. शंभर घरी असेल तर प्रत्येकाला तो हवासा वाटतो. बाजारालाही हाच नियम लागू पडतो. विकणारे ज्या गावी जमतात तेथे घेणारे जातात आणि घेणारे जातात म्हणून आणखी विकणारे येतात. यूट्यूबवर पाहणारे आहेत म्हणून गायक तेथे जातो. गायक आहेत म्हणून पाहणारे जातात. एकदा हे चक्र फिरू लागले की नव्या सेवेला तेथे शिरणे दुरापास्त होते. आपल्यातले काही उत्साही तरुण 'आपले स्वतंत्र यूट्यूब काढू' असे म्हणतात. त्यांची भावना मला मान्य आहे, परंतु बाजार भरविणे आणि बाजारात दुकान मांडणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुकान मांडावयाचे असेल तर बाजाराचे कायदे शिकावे लागतील.

तिसरी गोष्ट किमतीची. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. पण पुढची वीस वर्षे ते बहुतेक शहरातल्या टेबलावरच राहिले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार २०१४ साली एका जीबीला सरासरी सुमारे २६९ रुपये पडत; २०१८ साली हाच भाव बारा रुपयांच्या आत आला. मधल्या काळात, ५ सप्टेंबर २०१६ रोजी, जिओची सेवा सुरू झाली होती आणि भावयुद्ध पेटले होते. चार मिनिटांचे गाणे पाहणे जोवर मजुरीत खड्डा पाडत होते तोवर ते पाहिले गेले नाही. खड्डा बुजला तेव्हा तांड्यावस्त्यांवरून ते पाहिले जाऊ लागले. परदेशी कंपन्यांनाही हे उमगले. जानेवारी २०१६ मध्ये भारतात आलेल्या नेटफ्लिक्सला २०१९ साली केवळ मोबाईलसाठीची स्वस्त योजना येथे आणावी लागली. ग्राहक गरीब असला म्हणून त्याला अभिरुची नसते असे नाही. त्याच्या खिशाला परवडेल अशा मापात माल द्यावा लागतो.

चौथी गोष्ट भाषेची आणि ओळखीच्या चेहऱ्याची. मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. तेथे व्हिडिओ पार्लर चालविणारे नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' नावाचा चित्रपट तुटपुंज्या पैशांत, गावातलीच माणसे घेऊन केला. मोठ्या चित्रपटाची ती नक्कल होती खरी, पण नक्कल करताना त्यांनी भाषा, विनोद आणि दुःख मालेगावचे घातले. फैजा अहमद खान यांनी त्यांच्यावर केलेला 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ सालचा. आणि रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ साली चित्रपटगृहांत आला. पुढे सीडी मागे पडली, यूट्यूब आले आणि मालेगावच्या 'छोटू दादा'च्या विनोदी चित्रफिती कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या. यंत्रमागाच्या खडखडाटात दिवस घालविणाऱ्या माणसाला पडद्यावर आपल्यासारखाच माणूस दिसला, हे त्या यशाचे इंगित आहे. मुंबईच्या चित्रपटात तो कधी दिसत नव्हता; दिसलाच तर नोकर म्हणून दिसे.

हेच सूत्र भीमगीतांना लागू करून पाहा. ध्वनिमुद्रिकांच्या काळात कोणाचा आवाज तबकडीवर जाणार हे मूठभर कंपन्या ठरवीत. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि ती मिरासदारी मोडली. लहान लहान कंपन्या निघाल्या. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे, मिलिंद शिंदे यांचे आवाज घरोघर गेले. जयंतीच्या मंडपात कॅसेट वाजू लागली. आमच्या लोकांनी पोटाला चिमटा घेऊन टेपरेकॉर्डर घेतले ते प्रामुख्याने ह्या गाण्यांसाठी. म्हणजे ग्राहक होता, कलावंत होता, आशय होता. बाजाराला त्याचा पत्ता नव्हता. कॅसेटने तो दिला. यूट्यूबने त्यापुढची पायरी गाठली. आता कॅसेट कंपनीचीही गरज उरली नाही.

कडूबाई खरात यांचे उदाहरण यासंदर्भात अभ्यासण्यासारखे आहे. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, ह्या गायिका. हातात एकतारी घेऊन गावोगाव गाणे म्हणायचे आणि त्यावर संसार ओढायचा, असे त्यांचे जिणे. कोणा ध्वनिमुद्रण कंपनीने त्यांना शोधून काढले नाही. मोबाईलवर टिपलेल्या चित्रफितींतून त्यांचा आवाज व्हॉट्सअॅपवर, फेसबुकवर, यूट्यूबवर फिरू लागला आणि पाहता पाहता महाराष्ट्रभर पोहोचला. त्या चित्रफितींत रोषणाई नाही, वाद्यमेळ नाही. एक बाई, एक तार, आणि बाबासाहेबांनी आपल्याला काय दिले याचा रोकडा हिशेब. माझ्या मते त्यांच्या यशाची कारणे तीन. गाण्याचा आशय ऐकणाऱ्याच्या आयुष्यातून आलेला आहे. गाणे इतके थोडक्यात आहे की ते एका मोबाईलवरून दुसऱ्यावर सहज जाते. आणि ते पाठविणाऱ्याला स्वतःविषयी काहीतरी सांगता येते. 'हे आमचे आहे' असे म्हणता येते. क्विबीच्या १७५ कोटी डॉलरांना जे साधले नाही ते एका एकतारीला साधले.

येथवरचे चित्र आशादायक आहे. परंतु यश म्हणजे काय आणि कोणाचे, हा प्रश्न आपण अजून विचारलेला नाही.

ऑनलाइन सेवांचे यश दोन प्रकारचे असते. एक, माणूस आपणहून येतो. दोन, त्याला यावेच लागते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवरच भरावा लागतो. तेथे लाखो विद्यार्थी जातात म्हणून ती सेवा लोकप्रिय आहे असे कोणी म्हणणार नाही. आकडा मोठा म्हणजे यश मोठे, हे गणित दोन्ही ठिकाणी फसवे आहे. चित्रफितीच्या खाली लिहिलेला पाहणाऱ्यांचा आकडा कंपनीच्या कामाचा. गायकाच्या चुलीवर काय शिजते हे त्या आकड्यावरून कळत नाही.

मग पैसा कसा येतो? चित्रफितीच्या आधी वा मध्ये जाहिरात लागते. जाहिरातदार कंपनीला पैसे देतो. लांब चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा यूट्यूब चॅनेल चालविणाऱ्याला देते, उरलेला स्वतः ठेवते. शॉर्ट्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या चित्रफितींसाठी निर्मात्यांच्या वाट्याला आलेल्या रकमेतून ४५ टक्के मिळतात. परंतु हा वाटा सर्वांना नाही. २०१८ पासून नियम असा आहे की चॅनेलला किमान १००० सबस्क्रायबर हवेत आणि मागच्या बारा महिन्यांत त्याच्या चित्रफिती लोकांनी मिळून ४००० तास पाहिलेल्या असाव्यात. ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटे. चार मिनिटांचे गाणे शेवटपर्यंत पाहिले गेले असे धरले तरी ते ६० हजार वेळा पाहिले जावयास हवे, आणि तेही वर्षाच्या आत. छोट्या चित्रफितींच्या मार्गाने जायचे तर ९० दिवसांत एक कोटी वेळा पाहिले जावे लागते. वर्षातून एकदा, जयंतीला, चार गाणी चढवून वर्षभर गप्प बसणाऱ्या मंडळाला ही रेषा ओलांडता येत नाही. ती ओलांडतो तो नियमित माल पुरविणारा. आपल्या गाण्यांचे संकलन करून दररोज चढविणारा एखादा दुकानदार ती सहज ओलांडतो आणि मूळ गायक कोरडाच राहतो.

येथेच तो अदृश्य पहारेकरी बसलेला आहे. त्याची दोन रूपे आहेत. पहिले रूप शिफारस करणाऱ्या यंत्रणेचे. पुढे काय पाहावे हे ती सुचविते आणि बहुसंख्य प्रेक्षक तिने सुचविलेलेच पाहतो. २०१२ पासून यूट्यूबने केवळ किती जणांनी उघडले यापेक्षा किती वेळ पाहिले ह्या गोष्टीला महत्त्व दिले. कंपनीच्या दृष्टीने ते शहाणपणाचे, कारण जितका वेळ माणूस खिळून राहील तितक्या जाहिराती दाखविता येतील. पण माणसाला खिळवून ठेवण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे राग आणि भय. विवेकाने बोलणारा मागे पडतो, आरोळी ठोकणारा पुढे जातो. जातीजातींत तेढ माजविणाऱ्या चित्रफिती पाहता पाहता पसरतात त्यामागे माणसाचा द्वेष आहे, तसे हे यंत्राचे अर्थशास्त्रही आहे. २०१५ साली शिर्डीत मोबाईलवर वाजलेल्या भीमगीताच्या रिंगटोनवरून वाद झाला आणि त्यानंतर एका दलित तरुणाचा खून झाला. आपले गाणे मोबाईलमध्ये असणे ही आपल्या लोकांसाठी केवळ करमणूक कधीच नव्हती, हे ज्यांना कळत नाही त्यांनी ही घटना आठवावी.

पहारेकऱ्याचे दुसरे रूप हक्काच्या ओळखयंत्रणेचे. 'कंटेंट आयडी' असे तिचे नाव; २००७ मध्ये ती आली. मोठा संग्रह असलेल्या कंपन्या आपली ध्वनिमुद्रणे तिच्याकडे नोंदवून ठेवतात. मग कोणी चित्रफीत चढविली की यंत्र तिचा आवाज त्या नोंदींशी ताडून पाहते. जुळले की नोंद करणाऱ्या कंपनीला तीन पर्याय असतात: चित्रफीत रोखणे, तिच्यावरील जाहिरातींचा पैसा स्वतःकडे वळविणे, किंवा नुसती नजर ठेवणे. ही नोंद करण्याची थेट सोय एकट्यादुकट्या कलावंताला सहसा मिळत नाही. परिणाम काय होऊ शकतो ते पाहा. एखाद्या शाहिराने तीस वर्षांपूर्वी ठरावीक रक्कम घेऊन कॅसेटसाठी गाणे गायिले. कंपनीने ते ध्वनिमुद्रण दुसऱ्या कंपनीला विकले. आज त्याच शाहिराच्या नातवाने आजोबांचे ते गाणे चढविले तर यंत्र त्या चित्रफितीचे उत्पन्न कंपनीकडे वळवील. यंत्राला नाते कळत नाही, नोंद कळते.

म्हणून कायदा आपल्याला ठाऊक असावयास हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. ध्वनिमुद्रणात वापरल्या गेलेल्या गीताच्या आणि संगीताच्या कर्त्याला रॉयल्टीचा हक्क असा मिळाला की तो कंपनीला कायमचा विकून टाकता येत नाही. गायकालाही व्यापारी वापरासाठी रॉयल्टीचा हक्क मान्य झाला. गीतकार आणि संगीतकार यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे गीतावर हक्क राहतो. वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले. म्हणजे त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत चालू आहे. ज्या माणसाने हजारो गीते लिहिली, ज्याची गीते कोणाच्या तरी आवाजात रोज वाजतात, त्याचे नावही कित्येक चित्रफितींच्या खाली दिलेले नसते. हे करणारे सगळे परके नाहीत. आपणच ती गाणी चढवितो आणि कवीचे नाव लिहिण्याचा कंटाळा करतो. ज्यांच्या पूर्वजांची नावे इतिहासाने गाळली त्यांनी आपल्या कवीचे नाव गाळावे, यासारखी विसंगती नाही.

आणखी एक धोका आहे, तो परक्या घरात वस्तू ठेवण्याचा. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ अॅप्सवर बंदी घातली. बंदीचे कारण राष्ट्रीय सुरक्षेचे होते. त्याची चर्चा येथे प्रस्तुत नाही. परंतु शेतमजूर, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया अशा असंख्य माणसांनी तेथे जमविलेले प्रेक्षक एका रात्रीत नाहीसे झाले. अजिंठ्याच्या परिसरातल्या माणसाला ह्यात काही नवे वाटू नये. रॉबर्ट गिल याने येथे राहून वर्षानुवर्षे लेण्यांतील चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेविल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. नंतर ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत पुन्हा नकला केल्या; त्यांतल्याही बऱ्याच १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. मूळ चित्रे येथे होती म्हणून पुन्हा पाहता आली. मूळ प्रत आपल्यापाशी नसेल तर परक्या घराला आग लागली की आपलेही जळते.

काहीजण म्हणतात, हा सारा प्रकार भांडवलशाहीचा आहे, आपण त्यापासून दूर राहावे. हे मला पटत नाही. 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झाला आणि १९२९ मध्ये बंद पडला. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी स्वतः लिहून काढले. आशयात कोठे उणे नव्हते. उणे होते ते पैशाचे आणि वर्गणीदारांचे. विचार खरा असला म्हणजे तो आपोआप टिकतो असे नाही, त्याला हिशेबाची वहीही लागते. बाबासाहेबांनी पत्र काढणे सोडले नाही. १९३० साली 'जनता' निघाले, १९५६ साली त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. साधन महाग आहे, परक्याचे आहे, म्हणून ते टाकून देण्याची परंपरा आपली नाही. ह्याच परंपरेत नागपूरच्या उपग्रह वाहिन्या आल्या. हैदराबादेतल्या विद्यार्थ्यांच्या वर्तुळातून उभे राहिलेले 'दलित कॅमेरा' आले, ज्याने मोठ्या वाहिन्यांनी न दाखविलेल्या सभा आणि साक्षी नोंदवून ठेवल्या.

मग करावयाचे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे काही गोष्टी प्रत्येक मंडळाला, प्रत्येक गायन पार्टीला, प्रत्येक महाविद्यालयीन गटाला करता येण्याजोग्या आहेत.

पहिली, नियमितपणा. महिन्यातून एक चित्रफीत करा, पण ठरलेल्या वारी करा. वर्गणीदाराला जसा अंकाचा दिवस ठाऊक असतो तसा प्रेक्षकाला तो ठाऊक असावा. सवय ही ह्या धंद्यातली सर्वांत मोठी ठेव आहे.

दुसरी, चित्राआधी आवाज. मोबाईलचा कॅमेरा बहुधा पुरेसा असतो. वाऱ्याने आणि लाऊडस्पीकरने फाटलेला आवाज मात्र कोणी दोन मिनिटेही ऐकत नाही. साधा कॉलरला लावायचा माईक ही पहिली खरेदी असावी.

तिसरी, नोंद. प्रत्येक चित्रफितीखाली कवी, संगीतकार, गायक, वादक, गाव आणि तारीख लिहावी. हे काम शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून करवून घेतले तर पुढच्या अभ्यासकाला ती आयती साधनसामग्री होईल.

चौथी, कागद. गायक आणि चॅनेल चालविणारा यांच्यात एक पानाचा करार असावा. ध्वनिमुद्रण कोणाचे, उत्पन्नाचा वाटा किती, गायक गेल्यावर तो कोणाला, एवढे त्यात मराठीत स्पष्ट लिहिलेले असावे. नात्यातला माणूस आहे, कागद कशाला, असे म्हणू नये. कागद नसल्याचा तोटा नेहमी गरिबालाच होतो.

पाचवी, मूळ प्रती. प्रत्येक चित्रफितीची मूळ प्रत दोन निरनिराळ्या ठिकाणी, दोन निरनिराळ्या डिस्कवर ठेवावी. चॅनेलचा पासवर्ड एकाच उत्साही पोराकडे असू नये. तो नोकरीला पुण्याला गेला की चॅनेल पोरके होते.

सहावी, स्वतःचे प्रेक्षक. कंपनीच्या यादीतले सबस्क्रायबर हे कंपनीचे असतात. आपल्या श्रोत्यांची, त्यांच्या संमतीने केलेली, नावे आणि क्रमांक यांची वही आपल्यापाशी हवी. २०१६ पासून यूपीआयमुळे दहा-वीस रुपयांची वर्गणीही मनीऑर्डरीवाचून गोळा करता येते. जाहिरातीच्या वाट्यावर विसंबून राहण्यापेक्षा पाचशे माणसांची नियमित वर्गणी अधिक भरवशाची. तिचा जमाखर्च मात्र दर तिमाहीला जाहीर झाला पाहिजे. विश्वास गेला की वर्गणी जाते.

सातवी गोष्ट स्त्रियांची. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के आहेत. म्हणजे जवळपास निम्म्या बाया नवऱ्याच्या वा मुलाच्या हातातल्या पडद्यावर अवलंबून. ज्यांच्या ओव्यांनी आणि पाळण्यांनी बाबासाहेब घरात आले त्या बायांचे गाणे नोंदवायचे असेल तर आपल्याला त्यांच्या वेळेने, त्यांच्या ओट्यावर जावे लागेल; आणि चित्रफीत बाहेर जाऊ द्यायची की नाही हे त्यांनाच ठरवू द्यावे लागेल.

शेवटी यशाच्या मापाविषयी. कंपनीचे माप मिनिटांचे आहे. आपल्याला ते वापरावे लागेल, परंतु त्याच्या शेजारी आपले स्वतःचे माप ठेवावे लागेल: कलावंताला किती पोहोचले, कवीचे नाव किती ठिकाणी लागले, आणि एखादी चित्रफीत पाहून गावातल्या किती पोरांनी वही हातात घेतली. येत्या जयंतीला मंडळे वर्गणी गोळा करतील, डीजे ठरवतील. त्या वर्गणीतून एक माईक, दोन डिस्क आणि करारासाठी चार कोरे कागद एवढा खर्च वजा करावा, आणि गावातल्या सर्वांत वयोवृद्ध गायकाला आधी गाठावे. त्याच्यापाशी किती गाणी आहेत ते त्याच्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही, आणि थांबायला त्याच्यापाशी वेळ थोडा आहे.